उसनें यंत्र आणि स्वतःची विद्या

दुसऱ्याचें यंत्र घरीं आणतां येतें. त्या यंत्रामागची विद्या तशी आणतां येत नाहीं. प्रभादेवी-परळ भागांत जेथें एके काळीं गिरण्यांचे भोंगे वाजत, तेथें हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतला गेला. मुंबईच्या पहिल्या गिरण्यांचीं यंत्रें लँकेशायरहून आलीं आणि त्यांच्यासमवेत इंग्रज तंत्रज्ञही आले. ती विद्या येथील जॉबरांच्या व कामगारांच्या हातीं खेळूं लागण्यास बराच काळ जावा लागला. अग्निबाणांच्या इतिहासांत हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर दिसतो.

दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं बनविलेला व्ही-२ हा अग्निबाण सुमारें ३०० किलोमीटर दूरचें लक्ष्य गांठीत असे. युद्ध संपतांच त्याचा प्रमुख रचनाकार व्हेर्नर फॉन ब्राउन सहकाऱ्यांसह अमेरिकेकडे गेला. रशियाच्या वांट्यास कारखाने, सुटे भाग आणि हेल्मुट ग्रोट्रुप हा नियंत्रणविद्येंतील तज्ज्ञ आला. २२ ऑक्टोबर १९४६ च्या पहाटे सोव्हिएट ताब्यांतील जर्मनीमधून दोन हजारांहून अधिक तंत्रज्ञांना आगगाड्यांत बसवून रशियांत नेण्यांत आलें. बहुतेकांची इच्छा कोणी विचारली नाहीं. बरोबर बायकामुलें होतीं, आणि परत केव्हां जावयाचें हें कोणासही ठाऊक नव्हतें. अग्निबाणांवर काम करणाऱ्यांपैकीं पुष्कळांना पुढें सेलिगर सरोवरांतील गोरोडोम्ल्या बेटावर ठेवण्यांत आलें.

१८ ऑक्टोबर १९४७ रोजीं कापुस्तिन यार येथून जर्मन भाग जुळवून तयार केलेला व्ही-२ सुटला. पुढची पायरी, तोच अग्निबाण रशियन सामग्रीनें बनविणें, ही होती. आणि खरी अडचण तेथेंच आली. नकाशे हातांत होते, धातु हातांत नव्हते. बोरिस चेर्तोक या अभियंत्याच्या आठवणींप्रमाणें मूळ अग्निबाणांत पोलादाचे ८६ प्रकार वापरलेले होते. रशियन कारखान्यांत त्यांपैकीं ३२ प्रकारांनाच पर्याय मिळाला. १९४८ च्या ऑक्टोबरांत आर-१ यशस्वीपणें उडाला, तो या धडपडीनंतर. ग्रोट्रुपच्या मंडळींनीं नवे आराखडे मांडले; ते बांधले मात्र गेले नाहींत. सर्गेई कोरोल्योव्ह यानें पुढचें काम आपल्याच माणसांकडून करून घेतलें. १९५१ पासून जर्मन मंडळी टप्प्याटप्प्यानें मायदेशीं परतूं लागली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत नेणारा आर-७ हा कोरोल्योव्हच्या संस्थेचा होता. जर्मनांचें ऋण खरें. परंतु तें पहिल्या पायरीचें.

भारताच्या वांट्यास अशी युद्धाची लूट आली नाहीं. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं केरळांतील थुंबा येथून उडालेला पहिला अग्निबाण अमेरिकन होता. पुढें फ्रान्सकडून सेंटॉर हा अग्निबाण बनविण्याचा परवाना घेण्यांत आला. परवान्यानें एका अग्निबाणाची कृति मिळते. त्याहून मोठा अग्निबाण कसा करावा, हें मिळत नाहीं. पुण्यांत १९३३ सालीं जन्मलेले वसंत गोवारीकर इंग्लंडांतील काम सोडून १९६७ सालीं थुंब्यास आले, आणि घन इंधनाचा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला. अमोनियम पर्क्लोरेट आणि ॲल्युमिनियमची भुकटी हीं रबरासारख्या चिकट द्रव्यांत कणकेप्रमाणें मळून, नळकांड्यांत ओतून घट्ट होऊं द्यावयाचीं, असें हें काम आहे. त्यांत एक भेग राहिली तरी ज्वाला आंत शिरते, दाब वाढतो आणि अग्निबाण फुटतो. अशा कामांत नुसता नकाशा उपयोगी पडत नाहीं. द्रव्याचा स्वभाव ओळखावा लागतो. म्हणूनच केवळ इंधन मळून भागलें नाहीं, तर पर्क्लोरेटचा कारखानाही केरळांतच आलवे येथें उभारण्यांत आला.

१० ऑगस्ट १९७९ रोजीं एस.एल.व्ही.-३ हा अग्निबाण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणांतील बिघाडामुळें बंगालच्या उपसागरांत कोसळला. बिघाड शोधून, दुरुस्ती करून, १८ जुलै १९८० रोजीं त्याच जातीच्या अग्निबाणानें रोहिणी हा ३५ किलोंचा उपग्रह कक्षेंत सोडला. त्याच्या चारही टप्प्यांत घन इंधन होतें. त्या वेळीं विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक गोवारीकर हेच होते.

पाहुणा गुरु आज ना उद्यां घरीं जातोच. तो गेल्यावर बिघडलेलें यंत्र उघडून पाहण्याचें धैर्य ज्यांच्यापाशीं उरतें, ती विद्या त्यांची. मात्र ती मिळवितांना गुरूला बेटावर डांबून ठेवावें लागलें असेल, तर त्या कुटुंबांचीं गेलेलीं वर्षेंही हिशेबांत धरलीं पाहिजेत.