कबुलीपूर्वी एक विचार
(भंडारा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



धुऱ्याच्या वादातून शेतमजुरावर अतिक्रमणाचा फौजदारी खटला होतो. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांस भारतीय दंड संहितेचे कलम ४४७, त्यानंतरच्यांस भारतीय न्याय संहितेचे ३२९ (३) लागते. कैदेची कमाल मुदत तीन महिनेच राहिली. दंडाची मर्यादा मात्र ५०० रुपयांवरून ५,००० वर गेली.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मी मजुराचा हिशेब समजू शकतो. ऐन रोवणीत तारीख लागली की मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे पडते. म्हणून तो गुन्हा कबूल करून दंड भरतो आणि सुटलो असे मानतो. वस्तुतः ती दोषसिद्धी असते. उलट, जमिनीचा ताबेदार राजी असल्यास लोकअदालतीत तडजोड होते, आणि तिचा परिणाम कायद्याने निर्दोष सुटकेचाच असतो.

तडजोड फिसकटली तरी धीर सोडू नये. नुसता प्रवेश हा गुन्हा नव्हे. गुन्हा करण्याचा अथवा ताबेदारास धमकावण्याचा, अपमानित करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू शाबीत व्हावा लागतो. त्रास होईल याची जाणीव पुरेशी नाही, प्रवेशाचा मुख्य उद्देशच तो हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने मथरी खटल्यात सांगितले. दोष शाबीत झालाच, तरी पूर्वी शिक्षा न झालेल्यास १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन सोडता येते.

सत्याग्रही समजूनउमजून कबुली देतो. ते त्याचे व्रत आहे. मजुराची कबुली अगतिकतेची असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अनुसूचित जाती-जमातींना व स्त्रियांना उत्पन्नाच्या अटीविना मोफत वकील मिळतो. त्या दारापर्यंत मजुराला सोबत करणे, हे आपले काम आहे.