नावडत्या माणसासाठीही पुरावा मागा

आज कायद्याची पदवी घेणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

आज मी तुम्हाला डिक मार्टी यांच्याविषयी सांगणार आहे. स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषक तिचिनो प्रांतातले हे गृहस्थ. १९४५ साली लुगानोत जन्म, कायद्यात डॉक्टरेट, १९७५ पासून सरकारी वकील. १९८७ मध्ये बेलिन्झोना इथे शंभर किलो हेरॉइन पकडलं गेलं. त्या काळातल्या गुन्हेगारीविरोधी कामासाठी अमेरिकेच्या न्याय विभागानेही त्यांचा गौरव केला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांना चौकशी करावी लागली ती अमेरिकेच्याच गुप्तहेर संस्थेची.

१९८९ मध्ये ते प्रांतिक सरकारात गेले, १९९५ पासून २०११ पर्यंत संसदेच्या वरिष्ठ सभागृहात होते. पक्ष उदारमतवादी, उद्योगांच्या बाजूचा. कारकिर्दीचा हा तपशील मी भराभर सांगतो आहे, कारण तुम्हाला उपयोगी पडेल ते पुढेच आहे.

नोव्हेंबर २००५ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राने बातमी दिली, की सीआयएने पूर्व युरोपात गुप्त तुरुंग चालवले आहेत. युरोप परिषदेच्या संसदीय सभेने चौकशीचं काम मार्टींकडे सोपवलं. अधिकार किती दिले? साक्षीदाराला समन्स काढता येत नाही, झडती घेता येत नाही, दिमतीला पोलीस नाहीत. एकामागून एक सरकारं सांगत होती, आमच्याकडे असं काही घडलेलंच नाही.

मार्टींनी युरोपच्या हवाई वाहतूक नियंत्रण संस्थेकडून विमानांच्या नोंदी मागवल्या. कोणतं विमान कुठून उडालं, कुठे उतरलं, कोणत्या तारखेला. मग सुटून आलेल्या माणसांच्या जबान्या घेऊन तारखेला तारीख लावत बसले. मला या माणसाचा मोठेपणा इथे दिसतो. गर्जना नाही, आरोपांची आतषबाजी नाही, समोर कागद आणि कमालीची चिकाटी.

खालिद अल-मसरी हा जर्मन नागरिक. ३१ डिसेंबर २००३ रोजी मॅसिडोनियाच्या सीमेवर त्याला बसमधून उतरवण्यात आलं. एका संशयिताशी नावाचं साधर्म्य, एवढंच कारण. स्कोप्येच्या एका हॉटेलात २३ दिवस डांबलं, नंतर सीआयएच्या ताब्यात देऊन अफगाणिस्तानात नेलं. चूक कळल्यावर मे २००४ मध्ये अल्बेनियातल्या एका रस्त्यावर सोडून दिलं. त्याने सगळं सांगितलं, पण मॅसिडोनिया सरकारने ते साफ नाकारलं. अशा वेळी एकट्या माणसाच्या शब्दाला किंमत कोण देणार? मार्टींनी दिली, पण डोळे मिटून नाही. त्यांनी त्याची हकिगत विमानाच्या नोंदींवर घासून पाहिली आणि ती खरी निघाली. २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने मॅसिडोनियाला दोषी ठरवलं, तेव्हा त्या निकालात मार्टींच्या चौकशीचाही आधार होता.

२००७ च्या दुसऱ्या अहवालात त्यांनी पोलंड आणि रुमानियाचं नाव घेतलं. दोन्ही देशांनी ठाम नकार दिला. त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये पोलंडविरुद्ध आणि २०१८ मध्ये रुमानियाविरुद्ध निकाल दिला. म्हणजे एका माणसाने जवळजवळ हात बांधलेले असताना जे मांडलं, ते कोर्टात सिद्ध व्हायला सात आणि अकरा वर्षं लागली.

मित्रांनो, त्यांचा प्रत्येक आरोप असा सिद्ध झाला, असं मी म्हणणार नाही. २०१० च्या कोसोव्हो अहवालात त्यांनी बंडखोर सेनेच्या नेत्यांवर गंभीर आरोप केले. त्यातून पुढे हेगमध्ये विशेष न्यायालय उभं राहिलं, पण अवयवांच्या व्यापाराचा त्यातला सर्वांत धक्कादायक आरोप माजी राष्ट्राध्यक्ष हाशिम थाची यांच्यावरच्या आरोपपत्रात आला नाही. हेही तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. पुराव्याचा काटा मार्टींनाही तितकाच लागू.

त्यांच्या घराजवळचं एक प्रकरण तर मला विशेष महत्त्वाचं वाटतं. तिचिनोने वेढलेलं कांपियोने हे इटलीचं चिमुकलं गाव, जेमतेम दीड चौरस किलोमीटरच्या आसपासचं. तिथे राहणारे युसुफ नादा यांचं नाव २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवादविरोधी यादीत गेलं. ना खटला, ना सुनावणी. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर स्वित्झर्लंड लागतं, आणि तिथे प्रवेशबंदी. २००५ मध्ये स्विस तपासयंत्रणेने पुराव्याअभावी तपास बंद केला, तरी नाव यादीतून निघालं ते २००९ मध्ये. नादा मुस्लिम ब्रदरहुडशी जोडलेले. त्यांची बाजू घेऊन मतं मिळत नाहीत. तरीही मार्टी संसदेत उभे राहिले आणि ज्यांना कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही, त्यांच्यावर स्वित्झर्लंडने अशी बंधनं लादू नयेत, असा प्रस्ताव त्यांनी मांडला.

आपल्या पक्षाविरुद्ध जायची वेळ आली तेव्हाही ते कचरले नाहीत. स्विस कंपन्यांना परदेशातल्या मानवाधिकारभंगासाठी जबाबदार धरणाऱ्या जनमताच्या मोहिमेचं ते नेतृत्व करत होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ५०.७ टक्के मतदारांनी होकार दिला, पण बहुसंख्य प्रांतांनी नाकारल्याने प्रस्ताव पडला. त्याच वर्षअखेरीला त्यांच्या जिवाला धोका असल्याची माहिती मिळाली आणि पंचाहत्तरीतल्या या माणसाला दीर्घकाळ पोलिसांच्या पहाऱ्यात राहावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये ते गेले.

तुमच्यापैकी कुणी तालुक्याच्या कोर्टात उभं राहील, कुणी सरकारी वकील होईल, कुणी विधानसभेतही जाईल. साऱ्या गावाने आधीच गुन्हेगार ठरवलेला एखादा माणूस तुमच्या टेबलापुढे कधी ना कधी येईलच. त्या दिवशी त्याच्याविषयीचं मत बाजूला ठेवा आणि तारखा मागा, कागद मागा. मार्टींचे २००६ आणि २००७ चे अहवाल सर्वांसाठी खुले आहेत. पहिला अशील येण्याआधी ते दोन्ही वाचून काढा, एवढीच माझी तुम्हाला विनंती आहे.