हात लावायचा हक्क, बसायचा हक्क

(कल्याण पूर्वेला झालेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. दोनचार ठिकाणी वाक्यं नीट केलीत, एवढंच.)



मला विषय दिलाय : मोठी स्वस्त दुकानं आपल्या बाजूची की आपल्या विरुद्ध? आता गंमत बघा. आत्ता तुम्ही जो चहा प्यायलात, त्याची पत्ती, साखर, सोबतची बिस्किटं, सगळं काल आपल्याच एका कार्यकर्त्यानं डीमार्टातून आणलंय. मी विचारलं, बाबा रे, नाक्यावरच्या दुकानातून का नाही आणलंस? तो म्हणाला, वर्गणी कमी जमलीय, तिथं चार पैसे वाचतात. म्हणजे भांडवलशाहीविरुद्ध बोलायला मी भांडवलदाराचाच चहा पिऊन उभा आहे. तेव्हा उगाच शुद्धतेचा आव नको. खरं काय ते बोलू.

पहिली गोष्ट माझ्या मायची.

आम्ही जालन्याकडचे. बाप बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून इकडं आला. मायच्या तोंडून गावच्या दुकानाची हकिकत मी शंभरदा ऐकलीय. दुकानाची पायरी चढायची नाही. खाली उन्हात उभं राहायचं. सवर्णाची सगळी गिऱ्हाइकं संपली की मग हिचा नंबर. पैसे फळीवर ठेवायचे. वाणी त्यावर पाणी मारणार, मग उचलणार. मीठ, मिरची, गूळ वरून पदरात टाकणार. तांदळात खडे आहेत का, डाळ किडकी आहे का, बघायला हात घालायचा नाही. हात लागला तर अख्खं पोतं बाटलं, भर त्याची किंमत! जे पदरात पडलं ते घेऊन मुकाट वाटेला लागायचं.

वीस-एक वर्षांपूर्वी मी तिला ठाण्यात अशाच एका मोठ्या दुकानात नेलं. डाळींचे उघडे हौदे मांडलेले. बायका हात घालून बघतायत, चाळवतायत, पिशवीत भरतायत. माय तूरडाळीपाशी थांबली अन् हळूच मला विचारते, "हात लावू का रं?" मी म्हटलं, लाव की. तिनं पार कोपरापर्यंत हात घातला. घ्यायची होती अर्धा किलो. पाच मिनिटं नुसती डाळ वरखाली करत राहिली. मी घाई केली नाही.

म्हणून सांगतो, 'आपला कोपऱ्यावरचा वाणी वाचवा' असं गळा काढून सांगायला कुणी आलं की माझ्या घशाखाली उतरत नाही. कुणाचा आपला? मुंबई सरकारनं १९२८ साली अस्पृश्यांची गाऱ्हाणी तपासायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. समितीच्या १९३० च्या अहवालात नोंद आहे : अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव बहिष्कार टाकतं, नि गावचा वाणी रोजच्या गरजेच्या वस्तू विकणं बंद करतो. म्हणजे दुकान हे बहिष्काराचं हत्यार होतं. मीठ अडवलं की माणूस वाकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अन् दुकानाच्या आतली गादी? ती तर आपल्याला बंदच. खुद्द बाबासाहेब परदेशातून शिकून आले नि १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी त्यांनी शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा धंदा काढला होता. गिऱ्हाइकांना जात कळली, धंदा बसला. एवढा विद्वान अर्थशास्त्रज्ञ, पण सल्लाही बाटतो म्हणे! गावात हॉटेल टाकलेल्या, दूध विकायला निघालेल्या आपल्या माणसांना आजही हाच अनुभव येतो.

त्यामुळं किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय भांडवलाला सरकारनं २०१२ च्या सप्टेंबरात परवानगी दिली, त्याविरुद्ध २० तारखेला भारत बंद झाला, तेव्हा आपल्यातले काही लोक उलट बोलले. पुण्यात २००५ साली निघालेली दलित उद्योजकांची संघटना 'डिक्की', तिचे मिलिंद कांबळे, दिल्लीचे चंद्रभान प्रसाद, यांनी त्या भांडवलाला पाठिंबा दिला. व्यापारावरची जातीची मक्तेदारी मोडेल, आपल्या कारखानदारांना माल पुरवायची संधी मिळेल, असं त्यांचं म्हणणं. याला भांडवलदारांचे दलाल म्हणून शिवी घालणं सोपं आहे. मी घालणार नाही. मायचा हात मला आठवतो.

पण मित्रांनो, आता दुसरी बाजू. महाडला १९२७ साली आपण चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला तो माणूस म्हणून, हक्क म्हणून. इथं आपण डाळीला हात लावतो तो गिऱ्हाईक म्हणून. गिऱ्हाइकाचा हक्क खिशाएवढा असतो. खिसा रिकामा झाला की हक्क संपला. तिथं जात विचारत नाहीत हे खरं. तिथं फक्त पैसे विचारतात.

अन् पैसे कसे विचारतात ते समजून घ्या. धरा, महिन्याचा किराणा तीन हजारांचा. मोठ्या दुकानात शेकडा दहा सूट मिळाली, तीनशे वाचले. पण त्यासाठी एक तारखेला एकगठ्ठा सत्तावीसशे हातात पाहिजेत. सामान आणायला रिक्षा पाहिजे. ठेवायला डबे पाहिजेत, डबे ठेवायला जागा पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं नि पाच लिटरचा डबा! नाक्यावर बिगारीला उभा राहणारा आपला माणूस रोज संध्याकाळी कमावतो नि रोज संध्याकाळी विकत घेतो. पाच रुपयांची शाम्पूची पुडी, दहाचं तेल, वीसची डाळ. हिशेब केला तर तोच जास्त भाव देतो. स्वस्ताई पगारदाराला, महागाई रोजंदाराला. 'एकावर एक फुकट' हे ज्याला पहिलं घेता येतं त्याच्यासाठी.

काम नसेल त्या आठवड्यात काय? तेव्हा हाच माणूस कोपऱ्यावरच्या शेठकडं जातो. शेठ वहीत लिहितो. ही उधारी दुधारी आहे. भाव चढा लावतो, चारचौघांत मागतो, घरातल्या बाईला नको ते बोलतो. पण पोराला ताप आला तेव्हा साबुदाणाही तोच देतो. मोठ्या दुकानाकडं वहीच नाही. बिलिंगच्या काउंटरवर शंभर रुपये कमी पडले तर तेलाची पिशवी बाजूला काढून ठेवतात, मागची रांग बघत असते. तोही एक अपमानच, फक्त त्याला जातीचं नाव नाही.

आता ही स्वस्ताई येते कुठून? जादू नाही. राधाकिशन दमाणी हे शेअरबाजारातले मोठे खेळाडू. त्यांनी २००२ साली पवईला पहिलं डीमार्ट काढलं. मार्च २०१७ मध्ये कंपनीचा शेअर २९९ रुपयांना विकला, बाजारात आला त्याच दिवशी दुपटीवर गेला. ३१ मार्च २०२५ ला ४१५ दुकानं होती. धंद्याची रीत सरळ आहे : शक्यतो जागा विकत घ्यायची, म्हणजे भाडं नाही. माल पुरवणाऱ्याला पैसे लवकर चुकते करायचे, म्हणजे तो भाव पाडून देतो. मोजकाच माल ठेवायचा नि झपाझप विकायचा. इथपर्यंत मी टोपी काढतो. आपल्या संस्थावाल्यांनी शिकण्यासारखं आहे.

चौथी गोष्ट मात्र जाहिरातीत नसते. ती म्हणजे माणसं. कंपनीचे वार्षिक अहवाल काढून बघा, कुणालाही बघता येतात. कायम कामगारांपेक्षा कंत्राटी कामगार कितीतरी पटीनं जास्त. हा एकाच कंपनीचा दोष म्हणून सांगत नाही. हा सगळ्या धंद्याचाच शिरस्ता झालाय.

या कंपनीचं मुख्य कचेरीचं ठिकाण ठाऊक आहे? ठाणे, वागळे इस्टेट, रोड नंबर ३३, कामगार हॉस्पिटल रोड! वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची सुरुवातीची वसाहत, साठच्या दशकातली. माझा बाप तिथंच एका कारखान्यात होता. कायम होता. युनियन होती, कामगार विम्याचं कार्ड होतं, त्याच कामगार हॉस्पिटलात माझा धाकटा भाऊ जन्मला. कारखाना बंद पडला, बाप घरी बसला. इकडं मोहोन्याची एनआरसी २००९ ला बंद पडली, हजारो घरांची चूल विझली. कामगाराच्या नावाचा रस्ता राहिला, कामगार गेला. त्याची नातवंडं आता लाल-हिरवे टी-शर्ट घालून रॅकवर माल लावतात.

माझी भाची त्यातलीच. बारावी झालेली. डोंबिवलीतल्या एका मोठ्या दुकानात, नाव घेत नाही. तिला ठेवलं ठेकेदारानं, कागद काही दिला नाही. कामाची वेळ नऊ तास, सणासुदीला किती ते विचारू नका. सगळा वेळ उभं. बसायला साधं स्टूल नाही. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, 'बरं दिसत नाही' म्हणे. सुटताना रोज पर्स उघडून दाखवायची. पाळीच्या दिवसांत पोरीचे पाय सुजतात. रात्री शेवटची लोकल धरून येते नि पाय भिंतीला लावून झोपते. परवा मला म्हणाली, "मामा, आजी दुकानाबाहेर उभी राहायची ना? मी आत उभी राहते."

मला उत्तर देता आलं नाही. तेच शोधत आज इथं बोलतोय.

केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांचं हेच दुखणं होतं. पी. विजी नावाच्या शिंपीकाम करणाऱ्या बाईनं त्यांना गोळा केलं. आधी मागणी संडासाची, मग बसायची. लोक हसले. बायका वर्षानुवर्षं लढल्या आणि २०१८ साली केरळ सरकारला दुकान कायद्यात दुरुस्ती करावी लागली : कामगाराला बसायला जागा द्यावीच लागेल. २०२१ ला तामिळनाडूनंही तसा कायदा केला. आणि पुरोगामी महाराष्ट्र? फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय ज्याचं भाषण सुरू होत नाही तो? इथं सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं वीस किंवा जास्त कामगारांच्या दुकानांत रोजचे तास ९ चे १० करायला मंजुरी दिली. तिकडं खुर्ची दिली, इकडं एक तास जास्त उभं केलं.

शेजारच्या भिवंडीत जाऊन बघा. माग होते तिथं मैलोन्मैल गोडाऊनं. तुमच्या ट्रॉलीतला नि मोबाइलवरून मागवलेला माल तिथूनच येतो. पाठीवर पोती वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायदा केला, देशात नावाजलेला. पण तो आपोआप लागू होत नाही, बोर्डात नोंदणी करून घ्यावी लागते. आपल्यातल्या किती पोरांची नोंद आहे?

आणि या बड्या दुकानांचा भरवसाही धरू नका. बिग बझारचा २००१ नंतर केवढा बोलबाला! २०२२ मध्ये कर्जापायी सगळं कोसळलं. दुकानं रिलायन्सनं ताब्यात घेतली. मोठा माशाला मोठा मासा गिळतो, काउंटरवरच्या पोरीला कुणी विचारत नाही.

मग करायचं काय? दुकानावर दगड मारायचे? त्यानं आपल्याच भाचीची नोकरी जाईल. बहिष्कार घालायचा? वर्गणी कमी जमलीय, ऐकलंत ना. मी तीन कामं सांगतो.

एक. अशा दुकानांत, गोडाऊनांत, डिलिव्हरीवर असलेल्यांनी आधी कागद मागायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या श्रमसंहिता लागू झाल्या त्यांच्यात आपल्या विरुद्ध पुष्कळ आहे, पण नियुक्तीपत्र देणं सक्तीचं केलंय. जे आपल्या बाजूचं आहे ते तरी वाजवून घ्या. कागदाशिवाय माणूस नसतोच, पीएफ नाही, विमा नाही.

दोन. महाराष्ट्रात बसायच्या हक्काचा कायदा. मागणी साधी आहे. एक स्टूल. पण स्टूल मागताना सगळी व्यवस्था हलते, हे केरळनं दाखवलंय.

तीन. वस्तीनं एकत्र खरेदी करायची. १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत अपना बाजार उभा राहिला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत सभासदांचे गट करून महिन्याचा माल एकत्र आणते, वाटून घेते. दुकान नाही, गादी नाही. मध्यमवर्गानं ते केलं. वीस घरांनी मिळून पन्नास किलोचं पोतं आणलं नि विहारात बसून तोललं, तर रोजंदारालाही घाऊक भाव मिळेल. ज्याच्याकडं या आठवड्यात पैसे नाहीत त्याची वहीही आपलीच असेल, चारचौघांत मागणारी नसेल. अवघड आहे. हिशेबात घोळ होतील, भांडणं होतील. पण आपल्याला हात लावता आला, आता तराजूही धरायला शिकलं पाहिजे.

१९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मोठं दुकान पहिल्याला थोडं खरचटतं, म्हणून दुसऱ्याला सलाम ठोकायचं कारण नाही. अन् दुसऱ्याशी भांडतोय म्हणून वाण्याच्या पायरीखाली परत जाऊन उभं राहायचंही कारण नाही.

मागं टेबलावर एक वही ठेवलीय. इथल्या निम्म्या तरी पोरापोरींचं पोट अशा कामांवर आहे, मला ठाऊक आहे. नाव लिहा, कामाचे तास लिहा, ठेकेदार कोण ते लिहा, बसायला मिळतं का ते लिहा. शेठच्या वहीत आपल्या बापजाद्यांची नावं खूप लिहिली गेली. ही वही आपण लिहायची. पहिलं नाव माझ्या भाचीनं लिहिलंय, दुसऱ्याची जागा रिकामी आहे.

जयभीम.