हात खाली गेला म्हणून?

आमच्या गटातल्या वहिनींना एका शिबिरात सांगितलं, "गहू बाधतो." तपासणी काय? एका मुठीत गव्हाची पुडी, दुसरा हात आडवा. तपासणारा वरून दाबणार. हात खाली गेला की गहू बंद! ही रीत अमेरिकेतल्या जॉर्ज गुडहार्ट यांनी १९६४ साली काढली.

आम्हीही करून पाहिली. गहू-तांदूळ सारख्याच पुड्यांत बांधले, कशात काय ते दाबणारीलाही ठाऊक नाही. हात कधी गव्हाला खाली, कधी तांदळाला! मनात असतं तसा जोर नकळत लागतो. शास्त्रज्ञांनी अशाच झाकून घेतलेल्या चाचण्यांतही नुसता अंदाजच निघाला. दाबण्यानं इजा नाही हो, पण वहिनींचा थकवा तसाच. शेवटी आरोग्य केंद्रात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८. आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत, आणि चपातीही.