दाहाचा बंदी



पायांत कांटा मोडला, कीं ती जागा तांबूस होते, सुजते, उष्ण होते आणि ठणकूं लागते. या दाहाला आपण शत्रु समजतों; वस्तुतः तो शरीराचा रक्षक आहे. त्यासाठीं लागणारीं द्रव्यें निर्माण करण्याच्या आज्ञा प्रत्येक पेशीच्या केंद्रांत, जनुकांच्या रूपानें, सदैव लिहिलेल्या असतात. मग त्या एरव्हीं निद्रिस्त कां राहतात? आणि एकदां जागृत झाल्यावर पुनः शांत कशा होतात?

१९८६ सालीं अमेरिकेंत रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनीं एका प्रथिनाचा शोध लाविला. त्याचें नांव एनएफ-कप्पा-बी. जनुकांना चेतविण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं आहे. परंतु एरव्हीं तें पेशीकेंद्राच्या बाहेर बंदिवान असतें. आय-कप्पा-बी नांवाचें दुसरें प्रथिन त्याला जखडून ठेवतें.

जंतु आल्याची वर्दी पेशीला मिळाली, कीं एक विकर आय-कप्पा-बीवर फॉस्फेटची खूण करतें. खूण झालेलें तें प्रथिन पेशी स्वतःच मोडून टाकते. बंदी मोकळा होतो, केंद्रांत शिरतो आणि दाहाचीं जनुकें जागीं करतो. तो आधींच सिद्ध असल्यामुळें या सर्वांस कांहीं मिनिटें पुरतात.

आतां यांतील मर्म पाहा. तो ज्या जनुकांना जागें करतो, त्यांतच आय-कप्पा-बीचें जनुकहि असतें. म्हणजे सुटलेला बंदी आपल्याच नव्या बेड्या घडवूं लागतो! नवें आय-कप्पा-बी केंद्रांत जाऊन त्याला जनुकांपासून सोडवितें व बाहेर आणतें. त्याच्याच आज्ञेनें निर्माण होणारें ए-२० हें प्रथिन तर मुळांतील वर्दीच मंद करतें.

हा निर्बंध सुटला तर? ए-२० चें जनुक काढलेले उंदीर अनेक इंद्रियांच्या अनावर दाहानें अकालीं मेले, असें २००० सालीं प्रसिद्ध झालें. आमवातानें पीडित सांध्यांतहि हा बंदी मोकळा आढळतो. कॉर्टिझोनसारखीं औषधें त्याच्या कार्यास आवर घालतात. पण तीं दीर्घकाळ, अधिक प्रमाणांत घेतलीं तर जंतूंनाच वाट मोकळी होते.

तेव्हां दाह समूळ नाहींसा करणें हें वैद्यकाचें ध्येय नव्हे. चुलींतील विस्तव वेळेवर पेटावा व वेळेवर विझावा, एवढेंच गृहिणी इच्छिते. आपली प्रत्येक पेशी हेंच करीत असते; जेथें तिला तें साधत नाहीं, तेथेंच वैद्यानें हात द्यावयाचा असतो.