शेजारचे कर्ज आणि आपला फंड
(शाखा मेळाव्यातील भाषण)

साथींनो,

मागच्या सभेत एका तरुण साथीने विचारले, "श्रीलंकेचे आपल्याला काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो.

९ जुलै २०२२ रोजी कोलंबोत जनता राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरली. तलावात पोहणाऱ्या माणसांचे फोटो आपण सर्वांनी पाहिले. पण हे संकट एका दिवसात आले नव्हते. २०१९ च्या अखेरीस करांत मोठी कपात झाली. कोविडने पर्यटन बुडाले. २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक बंद केल्याने पिके गेली. तिजोरीतले डॉलर संपले आणि एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबली.

काही जण सारा दोष चीनला देतात. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या कराराने गेले, हे खरेच. पण चिनी कर्जापेक्षा जास्त देणे होते ते परदेशी बाजारात विकलेल्या रोख्यांचे. भारताने त्या वर्षी सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ३ अब्ज डॉलर मंजूर केले. नाणेनिधीच्या दारात जाण्याची ही सतरावी वेळ!

आता नीट ऐका. २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाची फेररचना झाली. बँकांकडचे रोखे वगळले. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीकडचे रोखे मात्र कमी व्याजाच्या रोख्यांत बदलले. फंडाने नकार दिला असता तर उत्पन्नावरचा कर १४ वरून ३० टक्के झाला असता. कर्ज काढताना कामगाराला कुणी विचारले नव्हते. फेडताना मात्र त्याचाच फंड दिसला.

तिथला कामगार गप्प बसला नाही. जुलै १९८० च्या संपात चाळीस हजारांवर कामगारांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. तरीही ६ मे २०२२ च्या हरताळात रेल्वे थांबली. आपल्या वडीलधाऱ्यांनी १९७४ मध्ये वीस दिवस संप लढवला, त्यामुळे ही किंमत आपण जाणतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे नवे राष्ट्राध्यक्ष निवडून आले. नाणेनिधीचा करार मात्र कायम राहिला.

आपल्याकडे १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीला नवी पेन्शन योजना लागली. तिचा पैसाही शेअरबाजारात आणि सरकारी रोख्यांत जातो. म्हणून साथींनो, देशाचे कर्ज आणि परदेशी करार हे केवळ मंत्र्यांचे विषय नाहीत. आपल्या पेन्शनचा पैसा कुठे गुंतला आहे, हा प्रश्न प्रत्येक शाखेने विचारलाच पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!