‘उद्या बघू’ म्हणायचं नाही

आम्ही वस्तीवरच्या बचत गटातल्या बायका. या वेळेला एरवी आम्ही शेळ्यांबद्दल बोलतो, परसबागेबद्दल बोलतो, हिशेबाच्या वहीबद्दलही बोलतो. आज मात्र कुत्र्याच्या पिल्लाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. पिल्लू आणतात पोरं, नाव ठेवतात पोरं, पण चार दिवसांनी त्याला खायला घालायचं, त्याची घाण काढायची आणि ते आजारी पडलं की त्याच्याकडे बघायचं हे सगळं आपल्याच वाट्याला येतं. मग त्याची माहितीही आपल्यालाच हवी.

आमचा मोती दिवाळीच्या सुट्टीत आला. जेमतेम पाच आठवड्यांचा होता. पहिली पहिली चूक तिथंच झाली. पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहावं. आईचं दूध तर मिळतंच, पण भावंडांशी खेळताना किती जोरात चावलं की दुसऱ्याला दुखतं हेही ते तिथंच शिकतं. मोती रात्रभर रडायचा. कोणी म्हणालं, रडू द्या, सवय होईल. आमच्यातल्या एकीला राहवलं नाही. तिनं जुन्या लुगड्याची घडी करून पोत्यावर घातली, पोतं आपल्या खाटेजवळ ओढलं आणि हात खाली सोडून झोपली. तो गप्प झाला. नव्या घरातल्या पहिल्या चार रात्री पिल्लाला एकटं बाहेर ठेवू नये, एवढं आम्ही त्यातून शिकलो.

खायला आम्ही त्याला म्हशीचं दूध, चहात बुडवलेलं बिस्किट आणि रात्रीचं उरलेलं कालवण-भाकरी द्यायचो. त्याला सारखी पातळ हगवण लागायची. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. आम्ही म्हणायचो, पोट कसं भरलंय बघा. ते पोट भरलेलं नव्हतं, जंतांनी फुगलेलं होतं. पिल्लाला जंत आईच्या पोटातूनच येतात, दुधातूनही येतात. म्हणून दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध द्यायचं, तीन महिन्यांपर्यंत. मग सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा. औषध वजनावर असतं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्या. हेच जंत मातीतून आपल्या लेकरांच्या पोटातही जातात. पिल्लाशी खेळून आलेल्या पोराचे हात साबणानं धुतल्याशिवाय त्याच्या हातात भाकरी देऊ नका.

आता खाण्याचं. भाकरी वाईट नाही, पण नुसत्या भाकरीवर पिल्लू वाढत नाही. वाढत्या पिल्लाला अंडं, मटण-चिकन असं काहीतरी लागतंच. आम्ही आता मऊ भात किंवा कुस्करलेली भाकरी, त्यात उकडलेलं अंडं नाहीतर बिनमिठाचे, बिनतिखटाचे उकडलेले चिकनचे तुकडे देतो. कधी थोडं दही. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढं दोन वेळा. पाणी कायम भरलेलं. आईपासून सुटलेल्या पुष्कळ पिल्लांना दूध पचत नाही. दूध प्यायल्यावर हगवण लागत असेल तर दूध बंद करा, त्यात त्याचं काही नुकसान नाही. खाणं बदलायचं असेल तर एकदम बदलू नका, आठवडाभरात हळूहळू बदला.

आणि उरलेलं कालवण नको. कांदा आणि लसूण कुत्र्याचं रक्त कमी करतात. आपल्या कुठल्या कालवणात कांदा-लसूण नसतो सांगा? द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेटही नको. द्राक्ष-बेदाण्यानं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला इजा होते. शिजवलेलं हाडही नको, ते चिरून त्याचे काटे होतात आणि घशात नाहीतर आतड्यात रुततात. आपल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या तर मुळीच देऊ नका. गोचीड-पिसवा झाल्या म्हणून गोठ्यात फवारायचं औषध पिल्लाच्या अंगावर ओतू नका. ते पिल्लू स्वतःचं अंग चाटतं, औषध सगळं पोटात जातं.

मोती अडीच महिन्यांचा झाला आणि एका सकाळी त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. दुपारी उलटी केली. आम्ही म्हटलं, काहीतरी खाल्लं असेल, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी हगवण लागली, तिला असा वास की अंगणात उभं राहवेना. आम्ही ताक पाजलं, हळद घातली, एकीनं अंगारा लावला. उद्या बघू. तिसऱ्या दिवशी रक्त पडायला लागलं, तेव्हा त्याला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, “हा पार्व्हो आहे. पहिल्या दिवशी आणला असता तर आशा जास्त होती.” दुसऱ्या दिवशी पहाटे मोती गेला. घरातलं दहा वर्षांचं पोरगं दोन दिवस जेवलं नाही. त्याला काय सांगावं ते आम्हाला कळेना. औषध नव्हतं असं नाही, डॉक्टर नव्हता असंही नाही. आम्हीच दोन दिवस घालवले होते.

म्हणून मैत्रिणींनो, हे नीट ऐका. पिल्लू खेळतंय, पाणी पितंय आणि एखाद्या वेळी पातळ झालं, तर मऊ भात द्या आणि लक्ष ठेवा. पण उलटी आणि हगवण बरोबर लागली, रक्त दिसलं, किंवा पिल्लू मलूल होऊन कोपऱ्यात पडून राहिलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरच्या घरी एक परीक्षा करता येते. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच जागेवर बसली तर ठीक. तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी गेलंय. हिरडी बोटानं दाबून सोडा. ती ओलसर आणि गुलाबी हवी. कोरडी, पांढरट झाली असेल तर थांबू नका.

पार्व्होवर लस आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, असं ते सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. आम्ही डॉक्टरांना विचारलं, इतक्यांदा कशाला? त्यांनी आम्हाला कळेल असंच सांगितलं. वासराला जशी चिकातून ताकद मिळते तशी पिल्लालाही आईच्या पहिल्या दुधातून मिळते. ती ताकद अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही. ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. त्याच लसीत डिस्टेंपर नावाच्या रोगाचीही लस असते. त्यात डोळ्यानाकातून घाण येते, खोकला होतो, पुढं झटके येतात.

मोती गेल्यावर डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली. या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो, वर्षभरही राहू शकतो. साध्या फिनेलला तो दाद देत नाही. त्याचं पोतं आम्ही जाळलं. फरशी आणि भांडी कपड्यांच्या ब्लीचनं धुतली, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ठेवून. ब्लीचमध्ये दुसरं काही मिसळायचं नाही, वाफ बाधते. पण अंगणातली माती कशी धुणार? म्हणून दुसरं पिल्लू आणलं ते वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्या जाऊबाईंच्या दारात. त्याचं नाव खंड्या.

खंड्याच्या लसी आम्ही वेळेवर दिल्या, एक सोडून. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर द्यायची असते. तेव्हा नेमकी शेंगांची काढणी आली. आम्ही म्हटलं, शेंगा घरात येऊ देत, मग बघू. पुन्हा तेच.

चार महिन्यांचं पिल्लू दुधाचे दात पडायला लागले की दिसेल ते चावतं. चप्पल, खाटेची सुंभ, पदर, पोराचा हात. त्याला मारू नका. मारलं की ते एक तर भितं नाहीतर उलटून चावतं. चावलं की खेळ तिथंच थांबवा, तोंड फिरवून उठून जा, थोड्या वेळानं चावायला दोराची गाठ नाहीतर जाड कापडाची वळी द्या. घरात मुतलं म्हणून त्यात नाक घासायचीही रीत आहे. त्यानं त्याला काही कळत नाही, फक्त तुमची भीती बसते. उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की बाहेर न्या, बाहेर केलं की शाबासकी द्या. आणि दिवसरात्र साखळीला बांधून ठेवू नका. बांधलेलं कुत्रं राखणीचं होत नाही, चिडकं होतं. लहान वयातच त्याला माणसं, शेळ्या, मोटारसायकली, पाहुणे सगळं दाखवा, म्हणजे मोठेपणी ते उगाच अंगावर जात नाही.

त्याच पोराला खंड्यानं खेळता खेळता पोटरीला चावलं. दोन दात रुतले, रक्त आलं. पोरानं कोणाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी आंघोळ घालताना आजीला दिसलं. का लपवलंस विचारलं तर म्हणालं, “तुम्ही त्याला सोडून आला असता.” मैत्रिणींनो, त्या क्षणी आमच्या पायाखालची जमीन सरकली. पोरगं आमच्याच भीतीनं गप्प बसलं होतं.

आजी चुना आणायला उठली होती. तिला थांबवलं. जखमेला चुना, हळद, मिरची, तेल काहीही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. दोन दिवस झाले होते तरी आम्ही धुतली आणि तसंच उठून सरकारी दवाखान्यात गेलो. उशीर झाला म्हणून जायचंच नाही, असं कधी करू नका. तिथं लस मोफत मिळाली. पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी, मग तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. रक्त आलं असल्यामुळे जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही दिलं.

आमच्यातली एक म्हणाली, घरचंच पिल्लू आहे, पाणीही पितंय, पिसाळलेलं कसं असेल? ही समजूत काढून टाका. पाण्याची भीती माणसाच्या रेबीजमध्ये दिसते, पिसाळलेलं कुत्रं पाणी पिऊही शकतं. लहान पिल्लालाही रेबीज होतो. आणि माणसात लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून लस लगेच सुरू करायची, कुत्र्याचं काय होतंय याची वाट बघत थांबायचं नाही.

खंड्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगितलं. कुत्र्याच्या लाळेत विषाणू आला की थोड्याच दिवसांत ते आजारी पडतं आणि मरतं. दहा दिवस ते ठणठणीत राहिलं, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता. ते दहा दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. रोज सकाळी उठून आधी खंड्याकडे बघायचं. जबडा लोंबतोय का, लाळ गळतेय का, आवाज बदललाय का, पाय लटपटतायत का. अकराव्या दिवशी खंड्या शेपूट हलवत दारात उभा होता. जाऊबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “आता उद्या नाही. आजच.”

त्याच आठवड्यात गटाच्या बैठकीत विषय घेतला. रेबीजच्या लसीची दहा मात्रांची बाटली मिळते. एकटीनं एका कुत्र्यासाठी जाण्यापेक्षा दहा जणींनी मिळून डॉक्टरांना वस्तीवर बोलावलं. ज्यांचे कुत्रे अंगणात मोकळे फिरतात त्यांनीही आणले, दाव्यानं, दोरीनं, एकीनं तर साडीच्या काठानं बांधून. दहा कुत्र्यांना लस झाली. तारीख हिशेबाच्या वहीतच लिहून ठेवली, कारण ती वही दर महिन्याला उघडतेच. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा टोचायचं.

तुमच्याही दारात पिल्लू असेल तर आज दोनच गोष्टी करा. त्याच्या लसी कुठवर आल्यात ते बघा. आणि रात्री जेवताना पोरांना जवळ घेऊन सांगा, “कुत्रं चावलं, ओरबाडलं, तर लगेच सांगायचं. कोणी रागावणार नाही. कुत्र्यालाही कोणी सोडून येणार नाही.” हे त्यांना एकदा सांगून भागत नाही. पुन्हा पुन्हा सांगा.

आमचं पोरगं बरं आहे. खंड्या आता वर्षाचा झालाय आणि आत्ता, आम्ही हे बोलतोय तेव्हा, दाराशी आडवा पडलाय.